कैसराचा फल्स

इस्लामी नाण्यावर पहिल्या दिवसापासून फक्त अक्षरेच होती, असा आपल्याकडे पक्का समज आहे. सीरियातली तांब्याची नाणी वेगळेच सांगतात.

630 च्या दशकात सीरिया मुसलमानांच्या हाती आला. तरी कॉन्स्टान्स दुसरा या पूर्व रोमन कैसराचे फॉलिस तिथल्या बाजारात येतच राहिले. एका बाजूला लांब क्रूस धरून उभा कैसर, दुसऱ्या बाजूला मोठे ग्रीक अक्षर म्यू, म्हणजे चाळीस नुम्मी. पुढे मुस्लिम अंमलात त्यांच्याच धर्तीवर नाणी पाडली गेली. हिम्सच्या नाण्यावर कैसराचा चेहरा आहे आणि नाणे खरे असल्याची ग्वाही दोन भाषांत: ग्रीकमध्ये ‘कालोन’, अरबीत ‘तय्यिब’. कोणी याला धर्माचा ढिलेपणा म्हणेल. मला ती कारभाराची समज वाटते. गिऱ्हाइकाला ओळखीचेच नाणे हवे असते.

690 च्या दशकात अब्दुल मलिकने कैसराच्या जागी तलवारीवर हात ठेवलेला खलिफा आणला. मागच्या क्रूसाचा आडवा दांडा गेला, पायऱ्यांवर नुसता खांब उरला! हिजरी 77 मध्ये (इ.स. 696-97) सोन्याच्या दिनारवरून चित्रच गेले, कलमा आला. फॉलिस हे नाव मात्र फल्स होऊन टिकले. त्याचे अनेकवचन फुलूस. अकबराच्या तांब्याच्या नाण्यांवरही तो शब्द आहे.