खापराला आधी गाव विचारा

द्रोणागिरीच्या पायथ्याशी बसून इतिहासावर बोलायचं, तर सुरुवात एका खापरापासून करू या.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी प्लॅस्टिकच्या पिशवीत लालसर खापराचा तुकडा घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "सर, रोमन आहे का बघा ना." खापर अगदी लख्ख होतं. घरी साबण लावून, काथ्यानं घासून आणलेलं. आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे. आम्ही ते पुरातत्त्वातल्या एका मित्रापुढे ठेवलं. त्यानं तीनच प्रश्न विचारले. कुठे मिळालं? किती खोल मिळालं? आतून काळं होतं का? पहिल्याचं उत्तर "उरणकडे कुठेतरी", दुसऱ्याचं "ठाऊक नाही", आणि तिसऱ्याचं उत्तर काथ्यानं पुसून टाकलं होतं.

आजचं व्याख्यान म्हणजे त्या तीन प्रश्नांचा खुलासा, एवढंच समजा.

आता इथे रोमन खापर मिळेल असं त्या मुलाला वाटलंच का? त्यात वेडेपणा काही नव्हता. या डोंगरावरून उत्तरेला पाहिलं की समुद्रात घारापुरी दिसते. आपल्याला तिथली लेणी ठाऊक असतात. पण त्याच बेटावर मोराबंदर भागात जुन्या बंदराच्या खुणा आहेत, जुनी नाणी आहेत, आणि दुरून आलेल्या रांजणांची खापरंही आहेत. दक्षिणेला अलिबागजवळ चौल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तिकेत 'सेमुल्ला' येतं, ते हेच चौल. त्याच पुस्तिकेत कल्याण आहे. भडोचला उतरणाऱ्या मालात दारू आहे, आणि त्यातही इटलीची दारू आधी, असा उल्लेख आहे. आज नारळ-सुपारीच्या वाड्यांत झाकलेल्या चौलमध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं, आणि सातवाहनकाळापासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचे पुरावे एकाखाली एक मिळाले.

दारू यायची ती दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या मातीच्या रांजणांतून. त्यांना अँफोरा म्हणतात. द्रव झिरपू नये म्हणून त्यांना आतून झाडाच्या राळेचा काळा लेप देत. म्हणून पश्चिम भारतात असं जाड, आतून काळं खापर मिळालं की त्यावर 'रोमन' अशी चिठ्ठी लागायची. वर्षानुवर्षं लागली.

मग २००५च्या सुमारास रोबर्टा टॉम्बर या अभ्यासिकेनं ही खापरं पुन्हा हातात घेतली. काही खरोखरच रोमन होती. इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरातल्या मातीत काळे कण असतात, ते त्यांत दिसत होते. पण बरीचशी खापरं इराक-इराणकडच्या रांजणांची निघाली. या रांजणांना कान नसतात, आणि आतला काळा लेप राळेचा नसतो, नैसर्गिक डांबराचा असतो. आकारावरून त्यांना 'टॉर्पेडो' रांजण म्हणतात. त्यांचा काळ पुष्कळसा रोमन व्यापारानंतरचा, सासानी आणि सुरुवातीच्या इस्लामी राजवटींचा.

आमच्या न्यायशास्त्रात याला नाव आहे: सव्यभिचार हेतू. धूर दिसला म्हणून अग्नी मानला, तर ते अनुमान खरं ठरतं. पण जी खूण दोन्ही घरी जाते, तिच्यावरून एका घराचं नाव घेता येत नाही. काळा लेप दोन्ही घरी जात होता! आपल्याला रोमचं घर हवं होतं, म्हणून आपण तेवढंच पाहिलं.

यात आपलं काही गेलं का? आम्हाला तर वाटतं, मिळालंच. रोमचा व्यापार ओसरला म्हणून हा किनारा झोपी गेला नाही, हे त्या कानबिन नसलेल्या रांजणांनी सांगितलं. इ.स. ९१५च्या सुमारास अल्-मसूदी चौलला आला, तेव्हा तिथे सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेल्या लोकांची मोठी वस्ती होती. राज्य शिलाहारांचं होतं. आणि शिलाहार म्हटलं की लांब जायला नको. आपल्या शेजारच्या चांजे आणि रानवडला त्यांचे शिलालेख मिळाले आहेत. चांज्याचा एक लेख शके ११८२चा, म्हणजे १२६०चा. इथल्या बागेचं उत्पन्न ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला दिल्याची त्यात नोंद आहे. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही या मातीचा हिशेब दगडावर लिहिला जात होता.

आता आजचं बोलतो, आणि जरा स्पष्ट बोलतो. या जमिनीचा भाव काय, यासाठी जानेवारी १९८४मध्ये इथल्या पाच जणांनी गोळीबारात प्राण दिले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. जमिनीची मोजणी गुंठ्यांत झाली. खोलीत कुणी मोजली नाही. बंदर, रस्ते, इमारती यांसाठी रोज पाया खणला जातोय. जेसीबीच्या एका घासात हजार वर्षांचे थर डंपरमध्ये जातात, आणि कुठल्या तरी खाजणात भराव म्हणून पडतात. काही दिसलंच, तर "काम थांबेल" या भीतीनं लोक गप्प बसतात.

विकास नको असं आम्ही म्हणत नाही. राहायला घर सगळ्यांनाच लागतं. आमचं मागणं लहान आहे. काही दिसलं तर उचलू नका, धुऊ तर मुळीच नका. जागेवर फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवा, वरून किती फूट खाली ते लिहा, आणि पुरातत्त्व खात्याला किंवा तहसीलदाराला कळवा. नाणी-दागिने असतील तर १८७८च्या कायद्यानं कळवणं बंधनकारकच आहे. पण ज्याला बाजारात दिडकी मिळणार नाही, त्या खापराचीही अशीच दखल घ्या.

तो विद्यार्थी आता शिक्षक आहे. खापर अजून आमच्या कपाटात आहे. रोमन की इराकी, ते आम्हाला आता कधीच कळणार नाही. त्याला आम्ही दोष दिला नाही. खापराला आधी गाव विचारायचं असतं, हे आम्हीच त्याला शिकवलं नव्हतं.

तुमच्या शंका असतील त्या विचारा. वेळ आहे.