चिक्ले, च्युइंग गम आणि चिकू : एका पदार्थाचे स्थित्यंतर व एका शब्दाचा प्रवास

१

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत ज्यांचे बालपण गेले त्यांच्या आठवणींत मिठाईला, आणि त्यातही च्युइंग गमला, मोठे स्थान आहे. गुलाबी रंगाचा फुगा येणारा गम, त्याच्या वेष्टनातील चिमुकली चित्रकथा, गमाच्या पातळ वडीसोबत मिळणारी बेसबॉल खेळाडूंची चित्रे, चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या पट्ट्या या वस्तू आता संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसल्या आहेत. अशा आठवणींना मराठीत आपण ‘स्मरणरंजन’ म्हणतो. स्मरणरंजन हे इतिहासाचे साधन होऊ शकते काय, आणि होत असेल तर कोणत्या मर्यादेत, हा प्रश्न प्रस्तुत निबंधात एका लहानशा पदार्थाच्या आधारे तपासावयाचा आहे.

हा पदार्थ निवडण्यास कारण आहे. ज्या दोन-तीन दशकांचे स्मरण एवढ्या आस्थेने केले जाते, नेमक्या त्याच दशकांत च्युइंग गमचे मूलद्रव्य मुळापासून बदलले. झाडाच्या चिकापासून होणारा गम पेट्रोलियमजन्य रसायनांपासून होऊ लागला. तथापि हे स्थित्यंतर लोकांच्या आठवणीत जवळजवळ उमटलेच नाही. ते का उमटले नाही हे पाहण्यास शब्दांचा इतिहास उपयोगी पडतो, आणि त्या इतिहासाचा एक धागा अनपेक्षितपणे आपल्या घोलवड-डहाणूच्या बागांपर्यंत येतो.

२

दक्षिण मेक्सिको, ग्वातेमाला आणि बेलीझ या प्रदेशांतील अरण्यांत जो वृक्ष विपुल आढळतो, त्याचे शास्त्रीय नाव मनिल्कारा झापोटा असे आहे. आपल्याकडील चिकूचे झाड ते हेच. याचे लाकूड इतके टणक की माया लोकांनी तिकालच्या मंदिरांत दारांवरील तुळयांसाठी ते वापरले. खोडाला छेद दिला असता पांढरा चीक पाझरतो. तो आटवून जो चिवट गोळा तयार होतो त्याला आस्तेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत ‘त्सिक्त्ली’ म्हणत. स्पॅनिशमध्ये त्याचे ‘चिक्ले’ झाले.

हा गोळा चघळण्याची रीत युरोपियनांच्या आगमनापूर्वीची आहे. सोळाव्या शतकातील फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे साआगुन याने आस्तेक जीवनाचा जो प्रचंड वृत्तांत स्थानिक माहीतगारांच्या साहाय्याने सिद्ध केला, त्यात या रिवाजाचे वर्णन आहे. अविवाहित मुलींनी चारचौघांत चघळले तरी चाले. विवाहित स्त्रिया व विधवा घरात चघळीत. पुरुष चघळीत ते लपून. भर बाजारात चटचट आवाज करीत चघळणे हे वेश्यांचे लक्षण मानले जाई. तोंडाची दुर्गंधी जावी हा हेतू तेथे सांगितला आहे. चघळण्याच्या क्रियेभोवती वय, लिंग आणि प्रतिष्ठा यांचे इतके काटेकोर नियम असावेत, हे विड्याच्या शिष्टाचाराशी परिचित असलेल्या आपल्या वाचकास नवल वाटण्याजोगे नाही.

३

अमेरिकेत चघळण्यासाठी आधी स्प्रूस वृक्षाची राळ व नंतर पॅराफिन वापरात होते. चिक्ले तेथे आले ते वेगळ्याच हेतूने. मेक्सिकोचा पदच्युत अध्यक्ष सान्ता आना १८६६-६७च्या सुमारास न्यूयॉर्कजवळील स्टेटन बेटावर राहत असता, या चिकापासून रबरास पर्याय निघेल अशी त्याची अपेक्षा होती. टॉमस ॲडम्स या गृहस्थाने ते प्रयोग केले. ते सर्व फसले. उरलेल्या मालाच्या त्याने चघळण्याच्या गोळ्या केल्या आणि त्या खपल्या. १८७१ साली गम तयार करण्याच्या यंत्राचे एकस्व त्याने मिळविले. १८९१ साली शिकागोस आलेला विल्यम रिग्ली प्रथम साबण व बेकिंग पावडर विकी आणि गमची पाकिटे भेट म्हणून देई. भेटीलाच अधिक मागणी आहे असे दिसून येताच त्याने धंदा बदलला. १८९३ साली ‘ज्यूसी फ्रूट’ व ‘स्पेअरमिंट’ हे त्याचे दोन प्रसिद्ध प्रकार बाजारात आले. १९१५ साली दूरध्वनीच्या नामसूचीत ज्यांची नावे होती अशा सुमारे पंधरा लाख पत्त्यांवर त्याने टपालाने गम पाठविला. जाहिरातशास्त्राच्या इतिहासात या प्रसंगाचा उल्लेख नेहमी होतो.

ज्याचा उल्लेख क्वचित होतो तो या व्यवसायाचा दुसरा शेवट. पावसाळा लागला की ‘चिक्लेरो’ म्हणून ओळखले जाणारे मजूर युकातान आणि पेतेनच्या अरण्यांत जात आणि अनेक महिने तेथेच तळ देऊन राहत. दोराच्या आधाराने झाडावर चढून, लांब सुऱ्याने खोडावर नागमोडी छेद घेत ते वर जात. चीक त्या छेदांतून ओघळत बुंध्याशी बांधलेल्या पिशवीत जमे. मग तो कढईत आटवून त्याच्या चौकोनी वड्या पाडीत. एकदा छेदलेल्या झाडास पुन्हा चीक धरण्यास कित्येक वर्षे विश्रांती द्यावी लागे. ती न दिल्यास झाड मरे. वालुमाशीच्या दंशाने होणारा, कानाची पाळी झिजवून टाकणारा एक त्वचारोग वैद्यकात ‘चिक्लेरोचा व्रण’ या नावानेच नोंदला गेला आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी तर या मजुरांचे ऋण विशेष मानले पाहिजे. कोरीव लेख असलेल्या शिळांची बातमी आणणाऱ्या चिक्लेरोंना सिल्व्हेनस मॉर्ली हा संशोधक बक्षीस देई. कालाकमुल या महत्त्वाच्या माया नगराचे अवशेष १९३१ साली सायरस लंडेल याने उजेडात आणले, तो चिक्लेचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीच्या नोकरीतील वनस्पतिशास्त्रज्ञ होता. लासारो कार्देनास याच्या अध्यक्षीय कारकिर्दीत, म्हणजे १९३४ ते १९४० या काळात, चिक्लेरोंच्या सहकारी संस्था स्थापन झाल्या आणि दलालांची पकड काहीशी सैल झाली. मात्र या संस्था स्थिरावतात न स्थिरावतात तोच मालाची मागणीच ओसरू लागली.

४

दुसऱ्या महायुद्धात गम हा अमेरिकन सैनिकाच्या शिध्याचा भाग झाला. १९४२ साली मलाया व बोर्निओ जपानच्या ताब्यात गेल्याने, चिक्लेत मिसळण्यासाठी वापरला जाणारा तेथील जेलुटाँग वृक्षाचा चीक मिळेनासा झाला. उत्तम प्रतीच्या मालाचा तुटवडा पडल्यावर रिग्ली कंपनीने आपले नामांकित प्रकार १९४४ साली नागरी बाजारातून काढून ते केवळ सैन्यास पुरविले. नागरिकांसाठी ‘ऑर्बिट’ नावाचा दुय्यम माल ठेवला, आणि जुन्या प्रकाराचे रिकामे वेष्टन जाहिरातीत छापून ‘हे लक्षात ठेवा’ असे लोकांस सांगितले. ही जाहिरात आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत बोलकी आहे. वस्तू बाजारात नसताना तिच्या कागदाची आठवण जपण्याचे आवाहन येथे खुद्द उत्पादकाने केले आहे. ज्याला पुढे स्मरणरंजन म्हटले गेले, त्याची पेरणी अशी योजनापूर्वक झाली होती.

युद्धोत्तर दोन दशकांत कारखान्यांनी चिक्लेची जागा कृत्रिम द्रव्यांस दिली. पॉलिआयसोब्युटिलीन, स्टायरीन-ब्युटाडाइन रबर आणि पॉलिव्हिनिल ॲसिटेट ही ती द्रव्ये होत. यांतील शेवटचे सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदातही असते. ही द्रव्ये स्वस्त, हव्या त्या प्रमाणात मिळणारी आणि पावसापाण्यावर किंवा अरण्यावर अवलंबून नसणारी होती. ग्राहकास फरक जाणवू नये अशा बेताने हा बदल हळूहळू केला गेला, आणि तो जाणवला नाही. गोडी साखरेची होती व सुगंध पुदिन्याच्या तेलाचा होता. दोन्ही पूर्ववत राहिली. बदलले ते केवळ चावले जाणारे द्रव्य, ज्याला स्वतःची अशी चव नव्हती.

आठवणीत मग काय राहिले? फुग्याच्या गमचा रंग राहिला. फिलाडेल्फियातील फ्लीअर कंपनीत हिशेबनीस असलेल्या वॉल्टर डीमर याने १९२८ साली हा गम साधला, तेव्हा हाताशी गुलाबीच रंग होता म्हणून त्याने तो वापरला. त्या योगायोगाची पुढे रूढी झाली. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने १९४७ साली काढलेल्या ‘बझूका’ गमच्या वेष्टनातील चित्रकथा राहिल्या. त्याच कंपनीने १९५२ साली काढलेली बेसबॉलपटूंची चित्रे राहिली. त्या संचातील न खपलेली चित्रे १९६० साली बोटीवर लादून अटलांटिक समुद्रात बुडविली, असे संचाचे आखणीकार साय बर्जर यांनीच पुढे सांगितले. त्याच संचातील मिकी मँटल या खेळाडूचे एक चित्र ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरांस विकले गेले. ज्या गमच्या खपासाठी ही चित्रे छापली, तो गम १९९०च्या दशकाच्या आरंभी त्या पाकिटांतून काढून टाकण्यात आला. चित्रावर त्याचा डाग पडतो अशी संग्राहकांची तक्रार होती. येथे आनुषंगिक वस्तूने मूळ वस्तूस हद्दपार केले.

५

आता शब्दांकडे वळू. नाहुआत्लमधील ‘त्स’ हा वर्ण आपल्या ‘चमचा’ या शब्दातील दंततालव्य ‘च’च्या जवळचा आहे. स्पॅनिशमध्ये जाताना त्याचे एका शब्दात तालव्य ‘च’ झाले आणि दुसऱ्यात ‘स’: ‘त्सिक्त्ली’चे ‘चिक्ले’, तर ‘त्सापोत्ल’, म्हणजे मऊ गोड फळ, याचे ‘सापोते’. ज्या झाडाचा येथे विचार चालू आहे त्यास स्पॅनिशमध्ये ‘चिकोसापोते’ म्हणतात. यातील पूर्वपद ‘त्सिक्त्ली’पासून आले, म्हणजे मूळ अर्थ ‘चिकाचे सापोते’, असे एक मत. ते ‘शिकोत्ली’, म्हणजे भुंगा, या शब्दापासून आले, असे दुसरे. रूपांच्या दृष्टीने दोन्ही मते मांडता येतात.

हे झाड स्पॅनिशांनी फिलिपीन्समध्ये नेले. १५६५ ते १८१५ या अडीचशे वर्षांत आकापुल्को व मनिला यांमध्ये स्पॅनिश गलबतांची ये-जा चालू होती. फिलिपीन्समध्ये जोडशब्दाचे पूर्वपदच उरले, ‘चिको’. भारतात या नावाची वाटणी झालेली दिसते. मराठी, गुजराती व हिंदी यांनी पूर्वपद घेतले, ‘चिकू’. तेलुगू व तमिळ यांच्यात उत्तरपदापासून आलेले ‘सपोटा’ हे नाव रूढ झाले. महाराष्ट्रात व्यापारी लागवडीचा आरंभ घोलवड येथे १८९८ साली झाला असे फलोद्यानशास्त्राचे ग्रंथ सांगतात. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आपल्याकडे झाड लावले ते फळासाठी. त्याच्या चिकाचा गम करण्याचा उद्योग येथे उभा राहिला नाही, आणि कारखान्यात झालेला गम बाजारात आला तेव्हा ‘च्युइंग गम’ हे तयार इंग्रजी नाव घेऊन आला. एकाच झाडाची ही दोन अपत्ये मराठीत परस्परांस अनोळखी राहिली.

येथे विद्यार्थ्यांनी एका मोहापासून सावध राहावयास हवे. मराठीत ‘चीक’ म्हणजे झाडाचा पांढरा रस. कच्च्या चिकूस तो असतोच. मग ‘चीक असलेला तो चिकू’ ही व्युत्पत्ती कोणासही सहज सुचेल. तिला ‘चिकट’, ‘चिकटणे’ यांचे पाठबळही मिळेल. शिवाय ‘त्सिक्त्ली’चाही अर्थ चिकट वस्तू असाच असल्याने, मराठी व नाहुआत्ल यांचा प्राचीन संबंध जोडण्यापर्यंत एखाद्याची मजल जाईल. परंतु ‘चिकट’, ‘चिकण’ या शब्दांचा गोतावळा संस्कृत ‘चिक्कण’शी निगडित आहे, आणि ‘चिकू’ हा समुद्रमार्गे आलेला परका शब्द आहे. ध्वनी व अर्थ यांचे साम्य येथे निव्वळ योगायोगाचे आहे. फार तर इतकेच म्हणता येईल की, या साम्यामुळे परका शब्द मराठी कानास परका वाटला नाही.

उलट दिशेचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. स्पॅनिशमध्ये आज कोणत्याही च्युइंग गमला ‘चिक्ले’ म्हणतात. ब्राझीलच्या पोर्तुगीजमधील ‘चिक्लेते’, तुर्कीतील ‘जिक्लेत’ आणि ग्रीकमधील ‘त्सिख्ला’ हे शब्द त्याच मुळाचे, आणि ‘चिक्लेट्स’ या व्यापारी नावाच्या द्वारे पसरलेले आहेत. या नावांनी विकल्या जाणाऱ्या बहुतेक मालात आज चिक्लेचा अंशही नसतो. द्रव्य गेले आणि द्रव्याचे नाव मागे राहिले. आपल्याकडे कोकोचा स्पर्शही नसलेल्या कागदात गुंडाळलेल्या गोळीस मुले ‘चॉकलेट’ म्हणतात, तो याच जातीचा अर्थविस्तार. आणि ‘चॉकलेट’ हा शब्दही स्पॅनिशांनी मेक्सिकोतूनच आणलेला आहे.

६

या विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, लोकव्युत्पत्ती आणि स्मरणरंजन यांची चूक एकाच प्रकारची असते. दोन्ही बाह्य साम्यावरून अखंड परंपरेचे अनुमान करतात. ‘चीक’ आणि ‘चिकू’ यांच्यात नाते पाहणारा जसा फसतो, तसाच १९४० आणि १९६० सालचा गम एकच होता असे मानणाराही फसतो. म्हणून स्मरणरंजन टाकाऊ ठरत नाही. लोकांनी कशावर प्रेम केले याचा ते भक्कम पुरावा आहे. ते कशाचे बनलेले होते याचा मात्र नाही. त्यासाठी आयातीच्या नोंदी, एकस्वाचे दस्तऐवज आणि शब्दांची रूपे यांकडेच जावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्या वस्तूची आठवण वेष्टनाच्या रूपाने जपली जाते, तिच्या निर्मितीतील श्रम त्या आठवणीत येऊ शकत नाहीत, कारण वेष्टनावर ते कधी छापलेलेच नव्हते. झाडास विश्रांती किती वर्षे द्यावी हे जाणणारा चिक्लेरो कृत्रिम द्रव्यांच्या आगमनाने निरुपयोगी ठरला, आणि फुगे फुगविणाऱ्या मुलांना त्याची वार्ताही नव्हती. मेक्सिकोतील चिक्लेरोंच्या सहकारी संस्थांनी २००९च्या सुमारास ‘चिक्सा’ या नावाने खऱ्या चिक्लेचा गम पुन्हा परदेशी बाजारात आणला, तो याच विस्मरणावरचा एक उतारा मानता येईल. मराठीतील मिठाईच्या व बाजाराच्या शब्दांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनीही प्रत्येक नावामागे मूळ द्रव्य कोणते होते, ते केव्हा बदलले, आणि ते कोणाच्या हातून येत होते, हे तीन प्रश्न विचारावेत.