संगणक-उपयोजनाच्या अभ्यासक्रमाचा उगम

१९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० हा संगणक दाखल झाला आणि भारतातील संगणकशिक्षणास चालना मिळाली. त्या काळी संगणक हे प्रामुख्याने अभियंते व शास्त्रज्ञ यांचे गणनयंत्र होते. पुढे कारखाने, बँका व शासकीय कार्यालये यांत त्याचा प्रवेश झाला, तेव्हा यंत्र आणि कारभार ही दोन्ही जाणणाऱ्या माणसांची उणीव भासू लागली. प्रा. व्ही. राजारामन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८० च्या दशकारंभी एमसीए हा अभ्यासक्रम सुचविला, तो या गरजेतून. आज्ञावलीलेखनाच्या जोडीने लेखाशास्त्र, व्यवस्थापन व प्रणाली-विश्लेषण हे विषय त्यात आले. अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही वाट खुली झाली. २०२०-२१ पासून तीन वर्षांचा हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. या संक्षेपात कारभाराचे विषय गौण ठरले, तर अभ्यासक्रमाच्या नावातील ‘उपयोजन’ हा शब्दच पोकळ होईल.