घायपाताचा हिशोब : चार किलो वाख, शहाण्णव किलो चोथा



बांधावरच्या घायपाताला आपण कुंपणापलीकडं किंमत देत नाही. कुठं याला केकताड म्हणतात. पानं कुजवून वाख काढायचा, दावी-कासरे वळायचे, एवढाच जुना उपयोग. पण याच कुळातल्या सिसालवर आफ्रिकेत एक देश वर आला आणि खालीही गेला.

हे कूळ मूळचं मेक्सिकोचं. सिसाल हे तिथल्या युकातान भागातल्या बंदराचं नाव. 1880 नंतर अमेरिकेत गव्हाच्या पेंढ्या बांधणारी यंत्रं पसरली, सुतळीला मागणी आली आणि युकातानचे जमीनदार गबर झाले. 1893 मध्ये रिचर्ड हिंडोर्फ या जर्मन कृषितज्ज्ञानं फ्लोरिडातून हजार रोपं आजच्या टांझानियात मागवली. जगली फक्त 62! त्यांच्यापासूनच लागवड वाढली. 1960 च्या दशकात हा देश वर्षाला दोन लाख टनांवर वाख काढत होता.

मग पॉलिप्रॉपिलिनची स्वस्त दोरी आली. भाव पडले. 1967 मध्ये बरेच मळे सरकारनं ताब्यात घेतले, तरी घसरण थांबली नाही. शतक संपताना उत्पादन तीस हजार टनांच्याही आत आलं.

दोष एकट्या प्लास्टिकचा नव्हता. शंभर किलो पानातून वाख निघतो जेमतेम चार किलो. बाकी रस-चोथा वर्षानुवर्षं फेकला, नदी-ओढ्यात सोडला. त्याच रसात हेकोजेनिन असतं. 1950 च्या दशकात ब्रिटनमध्ये त्यापासून कॉर्टिसोन गटातली औषधं बनत होती. आणि चोथ्याच्या बायोगॅसवर वीज करणारा प्रकल्प टांगा भागात हाले इथं उभा राहिला तो थेट 2007-08 च्या सुमारास. तोवर बाजार हातचा गेला होता.

म्हणून कुणी "घायपात लावा, पाणी नको, पैसाच पैसा" म्हणत रोपं विकायला आलं, तर तीन गोष्टी विचारा. पान रगडायचं यंत्र किती किलोमीटरवर? कापलेलं पान दोन दिवसांत रगडावं लागतं, वाळलं की वाख नीट सुटत नाही. पहिली कापणी दोन-तीन वर्षांनी, तोवर घर कशावर चालवायचं? आणि शहाण्णव किलो चोथा कोण घेणार?

तिन्हीची उत्तरं मिळेपर्यंत घायपात बांधावरच बरा.