सोळा आणे ते ओटीपी: नुकसान मोजायचं कसं?

आजचा भाग सरकारी नुकसानभरपाईच्या इतिहासावर. विषय रुक्ष वाटेल, पण पाच मिनिटं ऐकाच. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे कुठलीही योजना बघितली की पहिला प्रश्न पडतो: यादीत नाव यायची अट काय?

दाभोसा म्हटलं की आपल्याला धबधबा आठवतो. पण जव्हार-मोखाड्यात खाली खाचरात भात आणि वर उतारावर, म्हणजे वरकस जमिनीत, नागली आणि वरई. एकाच पावसात खालचं पीक तरतं आणि वरचं आडवं होतं, किंवा नेमकं उलटं. हे लक्षात ठेवा.

आता मागे जाऊ. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजांनी दुष्काळ संहिता आणली. मदत म्हणजे खडी फोडायचं काम, सारा तहकूब, आणि १८८४ च्या कायद्याने बियाणं-बैलांसाठी तगाई. तगाई म्हणजे कर्ज बरं का! फेडलं नाही तर साऱ्यासारखी वसुली.

पीक किती आलं हे ठरायचं आणेवारीने. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. पुढे तिची पैसेवारी झाली, ५० पैशांच्या खाली गेली तर टंचाई. पण हा आकडा अख्ख्या गावाचा. सरासरीत उतारावरच्या एका घराची वरई दिसतच नाही. जव्हार संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं आणि हीच महसुली पद्धत इथेही लागू झाली.

हळूहळू मोजमाप गावावरून शेतावर आलं. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक पंचनामा करतात. २०१५ पासून अट ५० टक्क्यांवरून ३३ टक्के नुकसानीवर आली. हा मोठा बदल होता.

ऑक्टोबर २०१९ घ्या. क्यार वादळाच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला, कापलेलं भात खाचरातच भिजलं, दाण्याला कोंब फुटले. राष्ट्रपती राजवट होती. राज्यपाल भगतसिंह कोश्यारींनी १६ नोव्हेंबरला खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपये, २ हेक्टरपर्यंत, अशी मदत जाहीर केली. वीस गुंठ्यांचा हिशोब करा: १,६०० रुपये. त्यातून तालुक्याला जायचं गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी वजा करा.

आणि हे कोणाला? ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे त्याला. आजोबांच्या नावावर जमीन, वारस नोंद राहिलेली, चार भाऊ सामायिक खातेदार, मग संमतीपत्र आणा. वनहक्क कायदा २००६ चा, पण दावा लटकलेला असेल तर कसणारा माणूस कागदावर शेतकरीच नाही.

आता ई-पीक पाहणी, विशिष्ट क्रमांक, आधारचा अंगठा. पैसे थेट खात्यात येतात, मधला माणूस गेला, हे चांगलंच झालं. पण अॅपला रेंज लागते आणि कष्टाने झिजलेला अंगठा मशीन ओळखत नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत याला एरर म्हणतात. घरात त्याला पेरणीचं बियाणं गेलं म्हणतात.

माझं मत सरळ आहे. दीडशे वर्षांत मोजपट्टी बारीक झाली, पण प्रश्न तोच राहिला: नुकसान झालं हे सिद्ध कोणी करायचं? ओझं अजून शेतकऱ्याच्याच डोक्यावर आहे.

तुमच्या हातात स्मार्टफोन आहे ना? मग गावी गेलात की तीन कामं करा: आजीच्या शेताची पीक पाहणी नोंदवा, वारस नोंद तपासा, आणि नुकसान झालं तर पंचनाम्याची प्रत मागून घ्या. भेटू पुढच्या भागात!