वायरिंग हार्नेस: वाढत गेलेला जुडगा आणि दोष शोधण्याची रीत

इंजिनाचा हार्नेस काढून तपासणे हे काम तुम्ही प्रात्यक्षिकात करता किंवा करणार आहात. या पाठात आपण त्या कामामागचा इतिहास पाहू. हार्नेस जसजसा वाढला, तसतशी दोष शोधण्याची रीत बदलली. मात्र तिचा एक भाग आजही जुनाच आहे.

कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या गाडीत विजेचे काम ठिणगीपुरते होते. पुढेही बरीच वर्षे दिवे तेलाचे किंवा ॲसिटिलीन वायूचे असत आणि इंजिन हँडल मारून चालू करत. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत स्टार्टर आला. स्टार्टर, जनरेटर, बॅटरी आणि दिवे एका यंत्रणेत जोडले गेले व तारांची संख्या वाढली. त्या एकत्र बांधण्याची गरज इथूनच वाढत गेली.

त्या काळी तारांवर रबराचे आवरण आणि वर सुती वीण असे. उष्णता आणि तेल लागून रबर कडक होई, तडे जात आणि शॉर्ट होई. पुढे पीव्हीसीचे आवरण रूढ झाले. ब्रिटिश गाड्यांत रंगांची खूण ठरलेली होती: तपकिरी तार बॅटरीकडून, पांढरी इग्निशनची, काळी अर्थची. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेली आपली ॲम्बॅसेडर याच घराण्यातली. अशा गाडीचा दोष एक टेस्ट लॅम्प आणि रंगांची ओळख यांवर सापडे.

नंतर प्रदूषणाचे नियम कडक झाले. अमेरिकेत १९७० मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. इंधन मोजून द्यायचे तर सेन्सर हवेत आणि प्रत्येक सेन्सरला तारा हव्यात. जुडगा जाड होऊ लागला. १९८६ मध्ये बॉश कंपनीने ‘कॅन’ ही पद्धत मांडली: पीळ दिलेल्या दोन तारांवरून अनेक नियंत्रक एकमेकांशी बोलतात. १९९६ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना ओबीडी-२ सक्तीचे झाले. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. आता स्कॅनर लावला की दोषाचा कोड दिसतो.

इथेच तुमची चूक होऊ शकते. कोड परिपथ सांगतो, जागा सांगत नाही. आमच्या प्रयोगशाळेतील एका गाडीवर क्रँक सेन्सरचा कोड येत होता. विद्यार्थ्यांनी सेन्सर बदलला, कोड परत आला. हार्नेस उतरवल्यावर कळले की क्लिपपाशी वळणावर तार आवरणाच्या आत तुटली होती. बाहेरून ती धडधाकट दिसत होती. नव्या सेन्सरचे पैसे वाया गेले.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. काढण्यापूर्वी, भार चालू असताना, तारेच्या दोन टोकांमधला व्होल्टेज ड्रॉप मोजा. दहा पदरांपैकी एकच शिल्लक असला तरी मल्टिमीटर ‘जोड आहे’ असेच सांगेल. पण १० अँपिअर प्रवाहाला ०.१ ओहमचा अडथळाही १ व्होल्ट खातो. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, फोटो काढा, प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी लावा. कनेक्टर सोडताना लॉक दाबा, तार ओढू नका. हार्नेस टेबलावर मूळ आकारात पसरा. एक्झॉस्टजवळचा भाग, क्लिपांची वळणे, बॉडीला घासणाऱ्या जागा आणि अर्थचे जोड आधी पाहा. पिनांवर हिरवट गंज दिसतो का, तारेवरून बोट फिरवताना एखादी जागा नको तितकी मऊ किंवा कडक लागते का, हे तपासा.

हार्नेस आजही मोठ्या प्रमाणात हातानेच बांधला जातो. २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनमधील हार्नेसचे कारखाने थांबले, तेव्हा जर्मनीतील काही मोटार कारखान्यांनाही उत्पादन थांबवावे लागले. हातांनी बांधलेली ही वस्तू शेवटी हातांनीच तपासावी लागते. टेस्ट लॅम्प गेला, स्कॅनर आला; बोट आणि डोळा यांचे काम मात्र तसेच राहिले.

स्वाध्याय: तुमच्या प्रयोगशाळेतील एखाद्या गाडीच्या इंजिनाच्या अर्थ तारेवर, स्टार्टर फिरत असताना, व्होल्टेज ड्रॉप मोजा आणि आलेल्या आकड्याचा अर्थ चार ओळींत लिहा.