रोजगाराची हमी, मग रेंजची का नाही?

आमच्या तासगावचं नाव निघालं की कुणाला द्राक्षं आठवतात, कुणाला बेदाण्याचे सौदे, तर कुणाला ऋषिपंचमीला ओढला जाणारा गणपतीचा रथ. मला मात्र अलीकडे एक कायदा आठवतो. त्याला कारण म्हणजे रोज कुठे ना कुठे ऐकू येणारं एक वाक्य, "सर्व्हर डाउन आहे, उद्या या." या वाक्याचा आणि त्या कायद्याचा संबंध काय, ते सांगतो.

आमच्या तालुक्यातले वि. स. पागे हे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. हाताला काम मागणाऱ्या माणसाला सरकारने काम दिलंच पाहिजे, ही त्यांची कल्पना. ती आधी करून पाहिली गेली ती याच तासगाव तालुक्यात, १९६५ साली. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. आमच्या पिढीने त्या वेळी खडी फोडणारी, नालाबांधावर माती टाकणारी चांगली खात्यापित्या घरची माणसंही पाहिली. त्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. २००५ साली दिल्लीने देशासाठी असाच कायदा केला, तो आपल्याकडचा अनुभव समोर ठेवूनच.

या कायद्यातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली पैशाची. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला. आमच्या पगारपत्रकात त्याचा एक रकाना असे आणि दर महिन्याला त्यापुढे कपात दिसे. शिक्षकांच्या खोलीत त्यावर कुरकुर व्हायची, नाही असं नाही. पण नोकरदार आणि व्यापारी यांच्याकडून हा पैसा गोळा व्हायचा, तेवढीच भर सरकार घालायचं, आणि त्यातून माळरानावरच्या माणसाला मजुरी मिळायची. दुसरी गोष्ट हक्काची. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत मिळालं नाही, तर बेकारभत्ता देणं सरकारवर बंधनकारक झालं. म्हणजे मागणारा याचक राहिला नाही. योजना सरकार देतं, कायद्यातलं मात्र आपण मागू शकतो. फरक एवढाच, पण फार मोठा.

आता तारेकडे वळू. इंग्रजांनी १८८५ साली तारेचा कायदा केला आणि तार टाकण्याचा, चालवण्याचा अधिकार सर्वस्वी सरकारचा ठरवला. तार होती राज्य राखण्यासाठी, रयतेच्या सोयीसाठी नव्हे. म्हणून तर बेचाळीसच्या चळवळीत तारा तोडल्या गेल्या. ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या कचेरीवर मोर्चा जाऊन तिरंगा लागला, तेव्हा आम्ही सातारा जिल्ह्यात होतो. पुढे स्वराज्य आलं, राज्यघटना आली. घटनेने टपाल, तार, टेलिफोन हे सारं केंद्राच्या सूचीत ३१ व्या क्रमांकावर ठेवलं. त्यामुळे या विषयावर मुंबईच्या विधिमंडळाला थेट कायदा करता येत नाही. १८८५ च्या कायद्याची जागा घ्यायला २०२३ चा दूरसंचार कायदा आला, पण अधिकार दिल्लीचा तो दिल्लीचाच राहिला.

मग दिल्लीने खेड्यांसाठी काय केलं? धोरणं केली, आणि धोरणांत तारखा घातल्या. १९९४ च्या धोरणात म्हटलं होतं, १९९७ पर्यंत प्रत्येक खेड्यात फोन जाईल. तो गेला नाही. १९९९ चं धोरण आलं आणि तारीख २००२ झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याचं ठरलं. पुढे त्याच योजनेचं नाव 'भारतनेट' झालं. ती मुदतही पुढे पुढे सरकत गेली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर करावा लागला. माझा आक्षेप कामाला नाही. काम झालं आहे, केबल आली आहे. पण धोरणातली तारीख चुकली तर कुणाला जाब विचारायचा?

गंमत बघा, पैशाची व्यवस्था मात्र थेट पागेंच्या वळणाची आहे. एप्रिल २००२ पासून टेलिफोन कंपन्यांच्या महसुलातला ५ टक्के हिस्सा खेड्यांसाठी बाजूला काढला जातो. २००३ च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचा आधार मिळाला. आता त्या निधीला 'डिजिटल भारत निधी' म्हणतात. कर भरणारा मिळाला, पण मागणाऱ्याचा हक्क कुठे लिहिलेला नाही. त्यामुळे अनेक हजार कोटी रुपये वर्षानुवर्षं खर्चाविना राहिले तरी कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते फक्त खेड्याचं.

राज्याचे हात अगदीच बांधलेले आहेत असंही नाही. १९९८ साली शेजारच्या वारणा खोऱ्यात कोल्हापूर-सांगलीकडची ७० गावं संगणकाने जोडली गेली. केंद्र, राज्य आणि वारणेची सहकारी संस्था या तिघांनी मिळून खर्च उचलला. ऊस उत्पादकाला वजन आणि बिल गावातच कळू लागलं. अमेरिकेत १९४९ साली कायद्यात दुरुस्ती करून ग्रामीण टेलिफोनसाठी स्वस्त कर्जाची सोय झाली, ती घेऊन शेतकऱ्यांनी सहकारी टेलिफोन संस्था काढल्या. साखर कारखाने, दूधसंघ, द्राक्षबागायतदारांचे संघ उभे करणाऱ्या आमच्या जिल्ह्याला हे अवघड नव्हतं. शिवाय रस्ते, विजेचे खांब, ग्रामपंचायतीची जागा हे सगळं राज्याच्याच अखत्यारीत येतं.

आणि राज्याने कायदे केलेही आहेत. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा सांगतो, दाखला ठराविक दिवसांत मिळालाच पाहिजे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, म्हणजे सातबाऱ्यावर पीक लावायचं ते शेतकऱ्याने स्वतः, मोबाईलवरून. जून २०२० मध्ये शाळा भरली तीसुद्धा मोबाईलमध्येच. दाखला हक्काचा, शिक्षण हक्काचं, आणि हे सारं ज्या तारेवरून यायचं ती तार मात्र योजनेतली! त्या वर्षी घरात एकच फोन आणि तोही बापाबरोबर बागेत, अशी मुलं आमच्याकडे होती. त्यांचं बुडालेलं वर्ष कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, हमी दिली म्हणून काम होतंच असं कुठे आहे? रोजगार हमीतही खोटे हजेरीपट निघाले. खरं आहे. पण ते खोटे आहेत असं म्हणता आलं, कारण खरं काय असायला हवं ते कायद्यात लिहिलेलं होतं. ग्रामपंचायतीत आलेली केबल तुटली तर किती दिवसांत जोडायची आणि न जोडल्यास कुणी भरपाई द्यायची, एवढं जरी राज्याने स्वतःच्या यंत्रणेपुरतं बांधून घेतलं, तरी पुष्कळ होईल. केरळने २०२३ साली स्वतःचं फायबर जाळं सुरू केलं आणि २० लाख गरीब कुटुंबांना फुकट जोडणी देण्याचं ठरवलं. दिल्लीच्या कायद्याला हात न लावता राज्य किती करू शकतं, ते यावरून कळावं.

जाता जाता एक. आमच्याच जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली, मुलांनी अभ्यासाला बसावं म्हणून. गावाने ठरवलं आणि गावाने केलं. मला त्याचं फार कौतुक वाटतं. पण बंद करण्याचा निर्णय ज्याच्या घरात चालू आहे त्यालाच घेता येतो. ज्याच्याकडे रेंजच नाही त्याच्यासाठी तो भोंगा दिवसभर वाजत असतो, आणि तो कुणाला ऐकू जात नाही.